मासेमारीचं जुनं पेन ७०४ रील हाती लागलं तर: तपासायचं कसं, खोलायचं कसं आणि धरणावर चालवायचं कसं

पैठण, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी, कुठंही जा, गळ टाकणाऱ्या पोरायचा एक प्रश्न ठरलेला असतो, नवीन रील घ्यावं का कुणाकडून तरी आलेलं जुनं पेन कंपनीचं रील घ्यावं. माझं मत सरळ आहे. पेन स्पिनफिशर ७०४ नाहीतर ७०६ बऱ्या अवस्थेत मिळत असेल तर नीट तपासून घ्या आणि सोडू नका. लोकं म्हणतात अरे ते समुद्राचं रील, आपल्याकडं समुद्र कुठंय, आणि बंद पडलेलं मॉडेल, पार्ट कुठून आणशील. पण खरी गंमत तिथंच आहे की, बंद पडलेलं असूनही हे रील आपल्या गावात दुरुस्त होतं, लेथवाल्याकडं, बेअरिंगच्या दुकानात, आणि घरच्या टेबलावर. नवीन स्वस्त रीलचा आतला प्लास्टिकचा तुकडा तुटला की ते सरळ अडगळीत जातं, मी स्वतः असं एक टाकलंय, दुकानदारानं तोंडावर सांगितलं की पार्ट येत नाही, नवीनच घ्या.

आधी थोडं रीलबद्दल. पेन कंपनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९३२ साली ऑटो हेन्झे नावाच्या माणसानं सुरू केली, जर्मनीहून तिकडं गेलेला माणूस. सुरवातीला सगळा भर आडव्या ड्रमवाल्या रीलवर होता, सिनेटर वगैरे नाव ऐकलं असेल. मग १९६० च्या दशकात स्पिनफिशर ७०० मालिका आली, त्यातलं मोठं रील म्हणजे ७०४. पहिली पहिली हिरवट रंगाची होती, त्यायला शौकीन लोकं ग्रीनी म्हणतात, आणि पुढं काळा-सोनेरी रंग आला, नंबरापुढं झेड लागला. ७०६ म्हणजे तेच रील, फक्त वरची तारेची बेल, म्हणजे लाईन धरून गुंडाळणारी उघडझाप होणारी कडी, नाही, लाईन बोटानं उचलून रोलरवर घालायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, लाँग आयलंडच्या मॉंटॉक टोकाला, रात्रीच्या अंधारात लाटांमधल्या दगडावर उभं राहून स्ट्राइप्ड बास नावाचा मासा पकडणाऱ्यांची एक पूर्ण पिढी ह्याच रीलवर वाढली. कंपनीनं हे बंद केलं, मधे परत बाजारात आणलं, पुन्हा बंद केलं. स्पिनफिशर हे नाव आजही चालू आहे पण आतली रचना पार वेगळी आहे, त्यामुळं डब्यावर स्पिनफिशर लिहिलंय म्हणून तेच रील समजू नका.

आत नेमकं काय वेगळं आहे ते समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ह्यात वर्म ड्राइव्ह आहे. म्हणजे पिनियनचे, त्या छोट्या गियरचे, दाते स्क्रूच्या आट्यांसारखे तिरके, आणि हँडलचा मेन गियर पिवळ्या धातूचा, तो त्या आट्यांवर घसरत फिरतो. पिनियन स्टीलचा आणि गियर पिवळ्या धातूचा असल्यामुळं दोन्ही एकमेकाला खात नाहीत, ग्रीस असलं तर वर्षानुवर्षं चालतात. रेशो ३.८ ला १ च्या आसपास, हँडलची एक फेरी म्हणजे रोटरच्या, लाईन गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाच्या, जेमतेम चार. आजकालची रीलं सहा-सहा फेऱ्या मारतात, त्यापुढं हे हळू वाटतं, पण हळू आहे म्हणूनच ताकद आहे. मासा जड झाला की वेगवान रीलचं हँडल हाताला अडायला लागतं आणि हे मात्र दमानं ओढत राहतं. उलटं फिरू नये म्हणून आत साधा खटका आहे, दातेरी चाकात पडणारा, आणि त्याला एक छोटी स्प्रिंग. हँडल सोडलं की ते किंचित मागं येऊन थांबतं, पोरायला वाटतं रील ढिलं झालंय, तसं काही नाही, त्याची रचनाच तशी आहे. नवीन रीलमधे एकदिशा रोलर क्लच असतो, तो जागच्या जागी थांबतो हे खरं, पण त्याच्यात घट्ट ग्रीस शिरलं की रोलर चिकटतात आणि ऐन वेळेला हँडल गरकन उलटं फिरतं. खटक्याला जाड ग्रीस लावलं नाही तर तो असा दगा देत नाही.

आता आपल्या धरणात ह्याचा काय उपयोग. नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण बघा, पसरट आहे, कडेला पाणी उथळ, म्हणजे फेक लांब टाकावी लागते आणि मासा लागला की तो लांब पळतो. आणि धरण होताना पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, बाभळीची खोडं, दगडी बांध अजून तळाशी आहेत. दहा-पंधरा किलोचा कटला तिकडं वळला की तुम्हाला दोन-तीन क्षणात त्याचं तोंड फिरवावं लागतं, नाहीतर लाईन गेली. तिथं नाजूक रीलचं काम नाही. आमच्याकडं काही जण सुट्टीत श्रीवर्धन, रत्नागिरीकडं पण जातात खडकावरून टाकायला, त्यायला तर एकच रील दोन्हीकडं चालतं.

घ्यायच्या आधी काय बघायचं

जुनी पेन रीलं आपल्याकडं बहुतेक दोन वाटांनी येतात, एक मुंबईच्या जुन्या बाजारातून आणि दुसरी गल्फला नोकरीला गेलेल्या माणसाच्या बॅगेतून. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशोब करा, नाहीतर स्वस्त वाटलेलं रील महागात पडतं. आणि फोटोवर जाऊ नका, घासून पॉलिश केलेलं रील फोटोत नवीन दिसतं.

हातात आलं की पहिलं बघा हँडल कोणत्या बाजूला आहे. ह्या रीलचं हँडल काढून दुसरीकडं लावता येत नाही, वर्मच्या आट्यांची दिशाच ठरलेली असते. ७०४ आणि ७०६ ला हँडल डाव्या हातानं फिरवायचं, आणि उजव्या हातानं फिरवणाऱ्यासाठी कंपनीनं ७०५ आणि ७०७ अशी वेगळी रीलं काढली होती. विकणारा म्हणतो बदलता येतं, तर त्याला म्हणा बदलून दाखव.

मग हँडल अगदी हळू फिरवा, कान जवळ नेऊन. वर्मवालं रील थोडं जड फिरतं आणि त्याच्यात एक जाड घुंगावल्यासारखा आवाज असतो, तो दोष नाही. पण प्रत्येक फेरीत एकाच जागी टक् असं होत असेल तर गियरचा दाता गेलाय. सगळीकडं खरखर असेल तर बहुतेक वाळू किंवा वाळलेलं ग्रीस, ते धुतलं की जातं. हा फरक ओळखता आला की सौदा तुमच्या हातात येतो, कारण खरखरणारं रील लोकं खराब समजून स्वस्तात देतात.

त्यानंतर स्पूल, म्हणजे लाईन भरायचं चाक, समोरून बघत फिरवा, शाफ्ट वाकलेला असेल तर स्पूल डोलतो. रॉडला बसतो तो पाय बारीक नजरेनं बघा, पायाच्या मुळाशी केसासारखी चीर असेल तर ते रील सुट्या भागांसाठीच घ्या, चालवायला नको, वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील पण जुन्या ओतीव अॅल्युमिनियमवरचं वेल्डिंग वजन पडलं की दगा देऊ शकतं. स्क्रूच्या डोक्याकडं बघा. खाचा घासलेल्या असतील तर आधी कुणीतरी धडपड केलेली आहे. रंगाखाली पांढरी भुकटी फुललेली दिसली तर ते मिठानं खाल्लेलं अॅल्युमिनियम, थोडी असेल तर चालतं, साइड प्लेटच्या कडेनं सगळीकडं असेल तर सोडून द्या.

लाईन रोलरवरून एक पातळ सुती धागा ओढा, धाग्याचा तंतू अडकला की तिथं खाच पडलेली आहे, आणि ती खाच तुमची लाईन कापणार. रोलर फिरतो का तेही बघा. ७०४ असेल तर बेल वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा, आळसल्यासारखी बंद होत असेल तर स्प्रिंग थकलीय. बेलची स्प्रिंग हा ह्या रीलचा सगळ्यात कच्चा भाग, हे मान्यच करायला पाहिजे, आणि ७०६ ला इतकी मागणी आहे ती पण त्याच्यामुळंच. जड शिसं जोरात फेकताना बेल मधेच पडली तर लाईन तटकन तुटते, ७०६ ला पडायला बेलच नाही.

खोलायचं कसं

जागा म्हणाल तर घरातली मोठी परात घ्या, तिच्यात जुना पांढरा कपडा अंथरा आणि पंखा बंद करा. खटक्याची स्प्रिंग उडाली की कपाटाखाली जाते आणि मग अर्धा दिवस टॉर्च घेऊन शोधत बसा. शेजारी मोबाईल ठेवा, प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक फोटो. आणि काढलेले भाग परातीच्या कडेनं ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ठेवत जा. पेनचे पार्ट नंबरवर ओळखतात, आधी भागाचा नंबर मग मॉडेलचा नंबर, सुटे भाग दाखवणारा जुना नकाशा शोधून प्रिंट काढून घेतला तर काम निम्मं होतं.

स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा पाहिजे. लहान ड्रायव्हरनं मोठा स्क्रू फिरवायला गेलं की खाच गेली. स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका, स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनियमच्या बॉडीत असतो आणि खारं पाणी मधे आलं की दोन धातूंमधे गंजायची क्रिया सुरू होते, अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि स्क्रू तिथंच आवळला जातो. अशा वेळेला गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा टाका, ड्रायव्हर खाचेत ठेवून मागून हलके हलके ठोके द्या, मग बघा. तरी नाही निघाला तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा, मग परत प्रयत्न, फक्त तेल आधी पुसून घ्या आणि उघड्यावर बसा. घाई केली आणि स्क्रू आत तुटला तर तो ड्रिल करून काढायला लागतो आणि बॉडीची आटी पण जाते.

क्रम असा. पुढचा ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन धरून धरून सोडणाऱ्या ब्रेकचा, नॉब सोडून स्पूल वर काढा, खाली शाफ्टवर पातळ वॉशर असला तर तो स्पूलला चिकटून हरवतो, तेवढं बघा. मग हँडल मोकळं करा. मग साइड प्लेटचे स्क्रू, प्लेट सरळ उचला, तिरकी ओढू नका. आत तुम्हाला मेन गियर, स्पूल वर-खाली करणारा ब्लॉक आणि खटका दिसेल. मेन गियर उचलला की सफाईचं बहुतेक काम होऊन जातं. रोटरचा नट पहिल्याच वेळी काढायलाच पाहिजे असं नाही. रोटर डुगडुगत असेल किंवा त्याखालचं बेअरिंग आवाज करत असेल तरच हात घाला, आणि नट साध्या जोरानं सुटत नसेल तर आटी उलटी आहे का ते आधी नकाशात बघून घ्या. पान्याला पाइप लावून जोर करणारे बहाद्दर मी पाह्यलेत, तसं करू नका, पिनियनची आटी गेली तर मग काही उपाय नाही.

धातूचे भाग डिझेलमधे बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायचे. पेट्रोल लवकर उडतं आणि पेट घेतं, घरात तर नकोच. पिवळ्या गियरवर हिरवा कीट बसला असेल तर तांब्या-पितळेच्या भांड्यायला लावतो तसा चिंचेचा कोळ लावा, पाच मिनिटात उजळतं, पण लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळवा, आंबट तिथंच राह्यलं तर तेच पुढं धातू खातं. चिंच फक्त पिवळ्या भागाला, अॅल्युमिनियमच्या बॉडीला नाही. ड्रॅगचे वॉशर डिझेलमधे अजिबात टाकायचे नाहीत, ते वेगळे ठेवा.

लेथवाला आणि बेअरिंगवाला

हा भाग मला सगळ्यात जवळचा. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे बारीक बारीक पार्ट बनवणारी शेकडो वर्कशॉप आहेत, लातूर-नांदेडला पण चांगले टर्नर आहेत, आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या माणसाला बुश, शाफ्ट, आटी ह्यातलं सगळं कळतं. ७०४ चे घासणारे भाग म्हणजे बुश, हँडलच्या मुठीची पिन, लाईन रोलर, स्क्रू, वॉशर. हे सगळं बनून येतं.

जाताना जुना भाग सोबत न्या, नुसतं तोंडी सांगू नका. बुश फॉस्फर ब्राँझचा करायला सांगा. रोलर, पिन स्टेनलेसची, आणि तुम्ही समुद्रावर जाणार असाल तर ३१६ ग्रेड सांगा, नुसतं धरणावर वापरायचं असेल तर ३०४ पुरतं. रोलर बनवून घेतला तर त्याला आरशासारखं पॉलिश पाहिजे हे दोनदा सांगा, लेथच्या हत्याराच्या बारीक रेषा राह्यल्या तर लाईन खराब होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अमेरिकन रील आहे, स्क्रू इंची आटीचे आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला मिलीमीटरचा स्क्रू दोन आटे बरोबर जातो आणि मग अॅल्युमिनियमची आटी खरवडून टाकतो. आटीचा गेज लावून बघितल्याशिवाय एकही स्क्रू बदलू नका.

बेअरिंगचं सोपं आहे. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, व्हर्नियरनं मोजायची, बेअरिंगवर नंबर कोरलेला असेल तर तो लिहून घ्यायचा आणि दुकानात दाखवायचा. साधं स्टीलचं बेअरिंग धरणावर चालतं, खाऱ्या पाण्यात गंजतं.

पण मेन गियर आणि पिनियन इकडं बनवायच्या मागं लागू नका. वर्मचा कोन, आट्यांची चाल, दोन्हींची जोडी बरोबर जुळावी लागते, एक नग बनवायचा खर्च अख्ख्या रीलपेक्षा जास्त होतो आणि फिरायला ते कधी मूळसारखं होत नाही. त्यासाठी तुटकं ७०४ किंवा ७०६ शोधा, पाय मोडलेलं, रंग उडालेलं, कसलंही, दोन्हींची बॉडी आणि गियर एकच आहेत. असं एक मेलेलं रील घरात असलं की जिवंत रीलची काळजी मिटते.

बेलची स्प्रिंग स्प्रिंगवाल्याकडून वळवून मिळते, नमुना द्या, तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजायला लावा आणि स्टेनलेसची स्प्रिंग वायरच घ्यायला सांगा. एकाच वेळी चार-पाच करून ठेवा. काही जण वैतागून ७०४ ची बेलच काढून टाकतात आणि ७०६ सारखं बोटानं चालवतात, सवय लागली की तेही छान चालतं.

ग्रीस आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. अशा उन्हात हलक्या ग्रीसमधलं तेल सुटून खाली वाहतं आणि गियरवर नुसता कोरडा साबण, म्हणजे ग्रीसचा घट्ट भाग, राहतो. वर्म ड्राइव्ह घसरून चालतो, कोरडा झाला की पिवळा गियर झिजायला लागतो. म्हणून मेन गियर आणि पिनियनला हात आखडता घेऊ नका, पाणी न धरणारं मरीन ग्रीस, एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर, डब्यावर असतो), दात्यांमधे ब्रशनं चोपून भरा. ते नाही मिळालं तर चांगल्या कंपनीचं व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस धरणावरच्या कामाला चालतं, ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं. बॉडीच्या आतल्या भिंतीला आणि प्रत्येक स्क्रूच्या आटीला पण पातळ बोट फिरवा, पुढच्या वेळी स्क्रू आवळणार नाहीत.

खटक्याला मात्र जाड ग्रीस नको. डिसेंबरच्या पहाटे पारा खाली येतो, ग्रीस घट्ट होतं आणि खटका दात्यात वेळेवर पडत नाही. तिथं, रोलरला, बेलच्या सांध्याला आणि मुठीला शिलाई मशीनचं तेल, थेंबभर. खोबरेल तेल लावणारे लोकं आहेत, त्यायला सांगा की ते थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होतं. डब्ल्यूडी-फोर्टी फवारून रील चकाचक करतात, त्यानं आतलं ग्रीस धुऊन जातं, ते फक्त अडकलेला स्क्रू सोडवायला.

ड्रॅग

नॉबखाली स्पूलमधे वॉशरची चळत असते, एक धातूचा, एक घर्षणाचा, असे आलटून पालटून. धातूच्या वॉशरला कान किंवा सपाट बाजू असते, काही स्पूलला अडकतात आणि काही शाफ्टला, दोन्हींच्या मधे घर्षणाचा वॉशर दाबला जातो म्हणून मासा ओढतो तेव्हा स्पूल धरून धरून सुटतो. क्रम चुकला की ड्रॅग एकतर आवळून बसतो नाहीतर धरतच नाही, म्हणून इथला फोटो विसरू नका. जुन्या वॉशरच्या जागी पेनचेच एचटी-१०० कार्बन वॉशर मिळाले तर घालून घ्या, रीलचा सगळ्यात मोठा सुधार हाच आहे. कार्बन कोरडा पण चालतो, ड्रॅगचंच खास ग्रीस अगदी पातळ लावलं तर सुरवात आणखी मऊ होते. धातूचे वॉशर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा, गंजाचा एक ठिपका राह्यला तरी ड्रॅग झटके मारतो.

सेट करायला सामान तोलायचा स्प्रिंग काटा पुरतो. लाईनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के. लाईन १० किलोची असेल तर काट्यावर अडीच ते तीन किलोला स्पूल सुटला पाहिजे, आणि लाईन रॉडच्या सगळ्या रिंगांतून घेऊन, रॉड वाकवून ओढा, नुसती रीलवरून ओढली तर आकडा कमी येतो. घरी आल्यावर नॉब पूर्ण ढिला करून ठेवायचा, दाबून ठेवलेले वॉशर बसतात.

धरणावर

लाईन साधी मोनो, म्हणजे एकाच तंतूची नायलॉनची, घ्या, ०.४० ते ०.४५ मिलीमीटर. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, भरायचीच असेल तर खाली मोनोचे पुरेसे वेढे द्या नाहीतर सगळी लाईन स्पूलवर घसरत फिरते, आणि जुना रोलर ब्रेडनं कापला जातो का ते मधून मधून बघत राहा. स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलीमीटर कमी भरा. फेकल्यावर ७०४ ची बेल हँडल फिरवून नाही तर हातानं बंद करा, स्प्रिंग कितीतरी जास्त टिकते, आणि लाईन एकदा ताणून घ्या म्हणजे ढिला वेढा बसत नाही. मासा लाईन ओढत असताना हँडल फिरवायचं नाही, ड्रॅग सुटतोय आणि तुम्ही फिरवताय म्हणजे प्रत्येक फेरीला लाईनला पीळ पडतोय. रॉडनं उचला, रॉड खाली नेताना गुंडाळा, एवढंच. हे हळू रील आहे, त्याला ह्या पद्धतीनंच चालवायचं.

चाऱ्याचं प्रत्येकाचं आपापलं असतं, मी करडईची पेंड, भाजलेलं ज्वारीचं पीठ आणि थोडा मैदा असा गोळा करतो. कटला वरच्या-मधल्या पाण्यात चरतो, मृगळ तळाला, त्याप्रमाणं गळ वर-खाली करा. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी संस्थेकडं किंवा ठेकेदाराकडं असते, आणि नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथं कुठं बसायला परवानगी आहे हे आधी विचारून घ्या, भोई बांधवांच्या जाळ्यांजवळ शिसं फेकू नका, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

रील काळ्या मातीवर टेकवू नका. पाणी हटल्यावर काठाला जो गाळ राहतो तो वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि रोटरखाली शिरतो, ओला असला की लुकणासारखा चिकटतो. दोन काट्यांचा रॉड स्टँड करून घ्या.

समुद्रावरून आलात तर मुक्कामाच्या जागीच, त्याच संध्याकाळी धुवायचं, संभाजीनगरला येऊन धुतो म्हणायचं नाही. धुताना ड्रॅग आधी घट्ट करा म्हणजे वॉशरमधे पाणी जात नाही, मग नळाच्या बारीक धारेखाली किंवा तांब्यानं पाणी सोडा. गाडी धुवायचा प्रेशर पाइप अजिबात नको, तो मीठ आत ढकलतो. मऊ कपड्यानं पुसा, ड्रॅग ढिला करा, सावलीत वाळू द्या. आणि घरी बोअरच्या पाण्यानं धुतलं तर वाळायच्या आत पुसा, आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार इतके आहेत की पांढरे डाग बसतात आणि रोलरच्या सांध्यात साचतात.

वर्षातून एकदा साइड प्लेट उघडायची, माझ्या मते पावसाळ्याच्या तोंडाला, जूनमधे. ग्रीस काळं झालं असेल आणि त्यात पिवळी चमक दिसली तर गियर झिजतोय, सगळं धुऊन नवीन भरा आणि महिनाभरानं परत उघडून बघा. नुसतं काळं असेल तर वरून थोडं नवीन लावून प्लेट बंद करा. सोबतच्या डबीत बेलच्या दोन स्प्रिंगा, खटक्याची एक, ड्रॅग वॉशरचा एक सेट, हँडलचा स्क्रू आणि बरोबर मापाचा ड्रायव्हर एवढं ठेवा, आणि डबीवर रीलचा नंबर लिहून चिकटवा.